पानापुरता उजेड

पडदा हळूहळू वर जातो आहे असं समजा. भर दुपार, पण रंगमंचावर काळोख. खिडकीला जुन्या विंगेचं काळं जाड कापड लावलेलं. त्याच्या कडेने उन्हाची एक सुतासारखी रेघ आत शिरायला बघतेय, तर तिलाही कोणीतरी कपड्यांचा चिमटा लावून बाहेरच थोपवलंय. डावीकडे पलंग. पलंगावर एक उंच, वाळलेला माणूस, डोळ्यांवर ओल्या रुमालाची घडी. उशाशी खुर्चीत एक बुटकी, गोलमटोल बाई, मांडीवर जाडजूड पुस्तक. ती वाचतेय, तो ऐकतोय. आणि प्रेक्षक एकच: दाराजवळच्या स्टुलावर बसलेली मी, वरच्या मजल्यावरून रोज दुपारी फुकट येणारी.

ही बाई आमच्या नाटक कंपनीची प्रॉम्प्टर. खरं नाव तिला होतं, पण ते तिलाही क्वचितच ऐकू यायचं. सगळे तिला कुजबूज म्हणत. विंगेत बसायचं, नाटकाची वही मांडीवर ठेवायची, आणि नट अडला की पुढचा शब्द त्याच्या कानात असा सोडायचा की पहिल्या रांगेलाही पत्ता लागू नये, हे तिचं काम. ऐकायला सोपं वाटतं. खरी मेख निराळीच आहे. नट गप्प झाला म्हणजे तो विसरलाच असं नसतं. कधी तो मुद्दाम थांबलेला असतो, रंगात आलेला असतो. तेव्हा शब्द टाकलात तर त्याच्या कामाचा चुराडा. विसरलेला असताना टाकला नाहीत तर त्याच्या अब्रूचा. कुजबूजला हा फरक नटाच्या नुसत्या पाठीवरून कळायचा. एकदा माझ्या मोठ्या प्रवेशात मी एका वाक्यापुढे थांबले आणि थांबलेच. नंतर तिला म्हटलं, "अगं, मी खरंच विसरले होते, शब्द का नाही दिलास?" तर म्हणाली, "विसरला होतात, पण रडू छान आलं होतं. म्हटलं, आधी रडून घेऊ दे."

दोन नियम होते तिचे. तिसरी घंटा झाली की विंगेत चिडीचूप. मग तो मालक असो की मालकाचा मेहुणा. आणि वहीत नाही तो शब्द तोंडातून निघता कामा नये. नटांनी पदरचं एखादं वाक्य घुसडलं की मध्यंतरात ती त्यांची अशी हजेरी घ्यायची की भल्याभल्या राजांचे मुकुट उतरायचे.

पलंगावरचा माणूस तिचा नवरा, कंपनीचा लाईटवाला. त्याला सगळे मामा म्हणत. नवीन माणसाला ओळख करून देताना कुजबूज म्हणायची, "हे आमचे हे. यांनी आयुष्यभर दिवेच लावलेत." मामा ही ओळख मान झुकवून स्वीकारायचे.

त्यांचं जमलं ते एका पत्र्याच्या डब्यामुळे. विंगेत तिला वाचायला एक छोटा दिवा असायचा, आणि त्याची तिरीप रंगमंचावर सांडायची. काळोख्या प्रवेशात खलनायकाचे पाय उजळून निघायचे. मालक तिच्यावर खेकसला. दुसऱ्या दिवशी मामांनी बिस्किटांचा डबा कापून, आतून घासून, त्या दिव्याला टोपडं करून दिलं. उजेड फक्त पानावर, बाहेर कणभर नाही. तिच्या जागेवर ठेवून निघून गेले. कुजबूज मला म्हणाली होती, "बाई, फुलं देणारे पुष्कळ असतात. माझ्या पानापुरता उजेड मोजून देणारा हा एकच."

आता नशिबाचा विनोद बघा. म्हातारपणी मामांना एक मोठं दुखणं आलं. त्यातून वाचले, पण उजेड सोसेनासा झाला. दिवा लागला की डोक्यात घण पडायचे. ज्याने जन्मभर इतरांना उजळवलं त्याच्या खोलीला काळं कापड लागलं. सुरुवातीला ते भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. जेवायला वळायचे, जेवून पुन्हा भिंतीकडे. मग कुजबूजने माळ्यावरून तो डब्याचा दिवा काढला, एक जाड कादंबरी आणली आणि दुपारी वाचायला बसली. चार-सहा पानांत मामांचं तोंड खोलीकडे वळलं. त्या दिवसापासून दुपार कधी चुकली नाही.

कादंबरी दोन भावांची होती. दोघांची मिळून एक पिठाची गिरणी, आणि दोघांत बोलणं नाही. मामा त्या भावांत असे गुंतले की मी गेले की विचारायचे, "आमचा धाकटा काय म्हणतो कळलं का?" जसा काही तो शेजारच्या बिऱ्हाडात राहतो.

एके दिवशी मी स्टूल जरा पुढे ओढून बसले आणि माझ्या लक्षात आलं. कुजबूज वाचत होती झकास. थोरला रडत होता, धाकटा त्याच्या पाठीवरून हात फिरवत होता. पण तिच्या मांडीवरचं पान जवळजवळ कोरं होतं. प्रकरण संपताना वर दोन-तीन ओळी असतात आणि खाली नुसता कागद, तसं. ती त्या कोऱ्या कागदावरून वाचत होती.

मामांना डुलकी लागल्यावर ती मला स्वयंपाकघरात घेऊन गेली.

"पाहिलंत ना?"

"काय पाहिलं?" मी साळसूदपणे म्हटलं.

"अभिनय नको, बाई. तुमचा अभिनय मी विंगेतून बघितलाय. कुठे खोटा पडतो ते मला ठाऊक आहे."

मग तिने सांगितलं. डोळ्यांच्या मधोमध धुकं आलं होतं. "माणसाकडे बघायला जावं तर कान दिसतात, नाक गायब. ओळीचंही तसंच. कडेचे शब्द दिसतात, मधला गिळलेला." डॉक्टर म्हणाले होते, मोठं अक्षर आणि भरपूर उजेड. डब्याच्या दिव्याचा उजेड तिला पुरेना. त्यात मोठा बल्ब घालावा तर तो टोपड्याबाहेर सांडे, आणि मामांचं डोकं ठणके.

"कधीपासून?"

"गिरणीला आग लागली, तिथपर्यंत पुस्तकातलं. त्यापुढचं सगळं माझं." तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "मी! वहीबाहेरचा एक शब्द कोणाला बोलू दिला नाही मी. आणि आता रोज एक प्रकरण रचतेय. बरं, रचताही येत नाही. मला भांडण सहन होत नाही हो, म्हणून त्या दोघांचा समेट करून टाकला. एका ताटात जेवायला बसवलं. आता पुढे काय करू त्यांचं? भांडण मिटलं की कादंबरी संपते!"

"मग सांग ना मामांना."

"सांगितलं तर म्हणतील, राहू दे, डोळ्यांना ताण नको. आणि भिंतीकडे वळतील." तिने खोलीकडे पाहिलं. "बाई, तो माणूस एकदा वळला की यावेळी परत नाही वळायचा."

कुजबूजची सून एका वाचनालयात कामाला होती. तिथे पुस्तकं वाचायची यंत्रं ठेवलेली असतात, सभासदांना घरी नेऊन वापरून बघता येतात. मी तिला जिन्यात गाठून एवढंच सांगितलं की सासूबाईंना मोठं अक्षर हवंय आणि मामांना उजेड नकोय. ती हुशार पोरगी. दुसऱ्याच दुपारी कापडी पिशवीत तीन यंत्रं घेऊन हजर झाली. तिन्हींत तीच कादंबरी भरलेली.

मामा रुमालाखालून म्हणाले, "निवड चाचणी आहे म्हणा की. एकेकाला आत पाठवा."

पहिला उमेदवार टॅब्लेट. रंगीत, रुबाबदार, हिरोसारखा. सुनेने तो चालू केला मात्र, खोली निळीपांढरी झाली आणि मामा कण्हून भिंतीकडे वळले. कुजबूज खुर्चीतून अर्धी उठली. सुनेने घाईघाईने उजेड पार तळाला नेला. तरी मामा म्हणाले, "हा मागून मारतोय. दिवाच डोळ्यांसमोर धरून त्यावर अक्षरं काढल्यासारखं. बंद कर त्याला."

"पण बाबा, हा स्वतः वाचूनही दाखवतो. आईंना त्रासच नको. कुठपर्यंत आलात तुम्ही? तिथून लावते."

कुजबूज एकदम म्हणाली, "पहिल्यापासून लाव! पहिल्यापासून!"

"अहो, पण पुढचं..."

"आवाज कसा आहे ते बघायचंय ना? मग पहिलंच पान बरं."

सुनेने पडदा उशीखाली उलटा ठेवला, तसे मामा पुन्हा खोलीकडे वळले, आणि यंत्रातली बाई बोलू लागली. गोड आवाज, स्वच्छ उच्चार. मामांनी बराच वेळ ऐकून घेतलं, मग विचारलं, "ही श्वास कधी घेते गं?"

"घेत नाही, बाबा. यंत्र आहे."

"तरीच. बाप मेला तेही हिने भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. घरी पाठव तिला. मानधन न देता."

दुसरा उमेदवार म्हातारा होता. राखाडी, खरचटलेला, कडेला दोन बटणं. याची पाटी कागदासारखी, चकाकी नाही. कुजबूजने हातात घेतला आणि तिचा चेहरा उजळला. "अगंबाई, हा तर काहीच जड नाही. पुस्तकाने माझं मनगट धरायचं." सुनेने अक्षर वाढवून दिलं. बटण दाबलं की टक, पान उलटलं. त्या टकवर कुजबूज खूश. "याला निदान काम केल्याचा आवाज तरी आहे." सून म्हणाली, एकदा चार्ज केला की कित्येक दिवस बघायला नको. पण याच्या अंगात उजेड अजिबात नव्हता. त्या काळोखात तिला ती नुसती पाटी दिसत होती. ती उठून दारात गेली, तिथल्या उजेडात घडाघडा वाचू लागली.

"दारात छान वाचता येतंय हो!"

"मग काय, माझा पलंग जिन्यात टाका," मामा म्हणाले.

सुनेने त्याला वर चिमटीचा छोटा दिवा लावून पाहिला. मामांच्या पायाची बोटं चादरीखाली आवळली गेली. कुजबूजला डोळ्यांच्या कडेने दिसतं ते चांगलंच दिसतं. तिने दिवा बंद केला आणि म्हातारा उमेदवार हळूच बाजूला ठेवला, त्याला वाईट वाटू नये अशा बेताने.

तिसरा. हाही कागदी पाटीचा, पण याचा उजेड आतल्या आत कडेने पानावर पसरतो, वाचणाऱ्याच्या डोळ्यांत मारत नाही. सुनेने तो मंद केला, पिवळसर केला, संध्याकाळच्या देवळातल्यासारखा, आणि सासूच्या मांडीवर ठेवला.

"लावा की आता," मामा म्हणाले.

"केव्हाच लावलाय, बाबा."

मामांनी रुमालाचं एक टोक उचललं. डोळा किलकिला केला. बायकोच्या मांडीवर एवढासा उजेड होता, तिच्या हनुवटीपर्यंत जेमतेम पोचणारा. बाकी खोली होती तशी. ते पाहतच राहिले.

"हा आपला डबा आहे," ते म्हणाले.

कुजबूजने पान उलटलं. पाटी क्षणभर काळी झाली आणि नवं पान आलं. "आणि शिस्तीचा आहे," मामा म्हणाले. "प्रवेश बदलला की आधी काळोख."

आम्ही हसलो. आणि तिथेच घोटाळा झाला. प्रॉम्प्टरचा डावा अंगठा ओळीखाली असतो. कायम. नजर नटाकडे गेली तरी जागा अंगठा सांभाळतो. चाळीस वर्षांची सवय, आणि आता तर धुक्यात ओळ हरवली की अंगठ्याशिवाय सापडायचीही नाही. याला बटणं नव्हती, सगळा कारभार स्पर्शावर. तिने अंगठा टेकवला, पान पळालं. परत आणलं, पुन्हा पळालं. जरा दाबून धरला तर एक चौकट उघडली.

"हे काय?"

"त्या शब्दाचा अर्थ सांगतोय, आई."

"गिरणीचा अर्थ? मला? मेल्या, दळण तुझ्या आजीने नेलंय का कधी!"

मग तिने अंगठा न लावता धरून पाहिलं. ओळ सुटली. वरचीच ओळ दोनदा वाचली. पुन्हा सुटली. तिने यंत्र मिटल्यासारखं करून सुनेकडे दिलं. "एकाजवळ उजेड आहे, एकाजवळ बटण. दोन्ही एकाजवळ नाही. संसारात असंच असतं. राहू दे, बाळ. आमचं आपलं पुस्तकच बरं."

आणि तिने ते जाड पुस्तक मांडीवर ओढलं. सुनेला त्यात काही विशेष वाटलं नाही. मला मात्र ते कोरं पान दिसत होतं, आणि समेट होऊन ताटावर बसलेले दोन भाऊ, ज्यांच्यासाठी तिच्याजवळ पुढचा घासही उरला नव्हता.

मामा रुमालाखालून म्हणाले, "सूनबाई, ती पाटी बोट ओळखते म्हणजे नेमकं काय ओळखते?"

"कातडी, बाबा. हातमोजा घातला की ओळखत नाही. थंडीत फोन उचलताना माझी तीच पंचाईत होते."

मामांनी आपला डावा अंगठा बोटांवर चोळून पाहिला. मग म्हणाले, "कपाटाच्या खालच्या खणात माझे हातमोजे आहेत. डावा काढ."

तो हातमोजा मी ओळखला. जाड कापडाचा, तळव्याला आणि बोटांना चामडं लावलेला. तापलेले दिवे वळवताना मामा तो घालायचे. बोटांची टोकं करपून काळी पडलेली. कुजबूजच्या हातात तो म्हणजे बाळाच्या पायात बापाचा जोडा. सुनेने मनगटाशी दोऱ्याने आवळून बांधला. कुजबूजने चामड्याचा अंगठा ओळीखाली टेकवला.

पान जागचं हललं नाही.

तिने अंगठा पुढे सरकवला, मागे आणला, दाबला. यंत्र गुमान. मग उजव्या हाताचं उघडं बोट लावलं, क्षणभर काळोख आणि पुढचं पान. "ओळखत नाही मला!" ती लहान मुलीसारखी म्हणाली. "तुमचा हात समजून गप्प बसतंय."

"माझ्या हाताला सगळेच दबून असतात. तू सोडून."

सून घाईत होती, तिला वाचनालय उघडायचं होतं. "आता सांगा आई, कुठपर्यंत आलात?"

आता पळायला विंग नव्हती. कुजबूजने एकदा माझ्याकडे पाहिलं, म्हणजे माझ्या कानाकडे. आणि म्हणाली, "गिरणीला आग लागली, तिथून." सुनेने पान लावून दिलं, चपला घातल्या आणि गेली.

मी उठायला हवं होतं. उठले नाही.

कुजबूज वाचू लागली. आगीनंतरची सकाळ. थोरला राखेत उभा. धाकटा समोरच्या रस्त्याने चाललेला. थोरल्याने हाक मारली नाही. धाकट्याने मान वळवली नाही. ती थांबली. चामड्याचा अंगठा ओळीखाली तसाच. ही शांतता विसरल्याची की थांबल्याची, हे सांगणारं तिथे दुसरं कोणी नव्हतं.

मामाच बोलले. "अगं, पण परवा तर दोघं एका ताटात जेवले. तू आग्रह करकरून वाढलंस त्यांना."

"ते..." कुजबूजचा आवाज इतका खाली गेला की विंगेतलाच वाटला. "ते वहीत नव्हतं. ते माझं होतं. आगीच्या पुढचं सगळं माझं."

"ठाऊक आहे."

"ठाऊक आहे? कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. पुस्तकातलं वाचतेस तेव्हा वाक्य संपलं की श्वास घेतेस. स्वतःचं बोलताना मधेच घेतेस, पुढचं शोधायला. इतकी वर्षं काळोखात बसून तुझा श्वास ऐकलाय मी, त्यावर दिवे बदललेत."

"मग बोलला का नाहीत?"

"नट रंगात आला असेल तर मधे बोलू नये. हे मला कोणी शिकवलं?"

तिने हातमोज्याच्याच हाताने डोळे पुसले. गालावर जुन्या काजळीचा पट्टा उठला. मामांना तो दिसला असावा. रुमालाचं टोक अजून वरच होतं.

"वाईट होतं का हो फार? माझं?"

"जेवण जरा जास्त होतं. बाकी छान होतं. असं कर, आधी त्यांचं वाच. नाही आवडलं तर मग तुझं."

"आणि शेवटी म्हणाल, तुझंच बरं होतं."

"म्हणेन की. पण मला सांग, तो थोरला राखेत नुसता उभाच राहिला का? निदान एक हाक तरी..."

कुजबूजने खुर्ची पलंगाजवळ ओढली, मांडीवरचा उजेड आणखी थोडा कमी केला, अंगठा ओळीखाली सरकवला. आणि ती म्हणाली,

"गप्प बसा आता. तिसरी घंटा झाली."